चौथा रकाना

तक्त्यात चार रकाने. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा.
मार्चअखेरची दुपार, लाइट गेलेली,
घामानं कागद कोपराला चिकटलेला,
आणि मी अंबादास यलदंडीच्या नावापुढं
चौथ्या रकान्यात बरोबरची खूण केली.

त्याला उतारा वाचता येत नव्हता.
वाक्यही नाही.
शब्द, तोही काना-वेलांटी नसलेला. कमळ. घर. मगर.

केंद्रप्रमुखांचा दोनदा फोन आला होता,
"बाई, तुमच्या वर्गात एकच पोरगं राहिलंय, तेवढं बघा."
बघा म्हणाले ते. करा म्हणाले नाहीत.
चोवीस वर्षं मराठी शिकवतेय मी,
या दोन शब्दांत किती जागा असते
ते मला ठाऊक होतं.
त्या जागेत मी खूण केली.

एप्रिलात शाळा प्रगत झाली.
प्रमाणपत्राला काच बसवून आणली अशोक चौकातून,
टांगलं पाण्याच्या टाकीवर,
तिथं आधीपासून खिळा होता म्हणून.

जूनमध्ये तो पाचवीत गेला, म्हणजे भिंतीपलीकडं.
सगळा वर्ग एका सुरात धडा वाचतो
तेव्हा एक आवाज अर्धं अक्षर मागून येतो.
दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही.
मला रोज येतो, फळ्यावर लिहिताना,
डबा उघडताना,
एकदा तर रविवारी, घरी, कुकरच्या शिट्टीत.

त्याला बोलावलं, साडेनऊला, परिपाठाआधी.
चित्रकार्ड पुढं ठेवलं. त्यानं बोट लावलं.
प ला काना पा. ण ला काना, वेलांटी, ती दुसरी.
पा. णी.
आणि माझ्याकडं बघत राहिला.
दोन्ही अक्षरं बरोबर होती, पण शब्द झाला नव्हता.
"घरी काय म्हणतात रे ह्याला?"
"नीळ्ळु," म्हणाला, पटकन,
जणू हे कुणीतरी कधीतरी विचारायलाच हवं होतं.

या वस्तीत चोवीस वर्षांत
मी तेलुगूतले तीन शब्द शिकले:
रा, कूर्चो, वद्दु.
ये, बस, नको.
शाळेला एवढे पुरतात असं मला वाटायचं.

त्याची आई मांडीवर सूप घेऊन दारात बसलेली.
पानं कापायची कात्री थांबली नाही,
"एंथा," म्हणाली, "किती," मलाच शिकवत,
आणि विड्यांची जुडी वर धरली. पंचवीस.
हजाराला चाळीस जुड्या, हे अंबादास झोपेतही सांगतो.
त्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.

ऑगस्टात पायाभूत चाचणी.
जाधवसर मागची यादी उघडून बसले होते,
पेन चौथ्या रकान्यावर.
मी म्हटलं, सर, यलदंडी शब्दावर आहे.
"उताऱ्यावरून शब्दावर? शाळेची घसरण दिसेल, बाई."
दिसू दे.
"पण खूण तुमचीच आहे ना?"
माझीच आहे, म्हटलं.
शेजारच्या कारखान्यातले माग चालू होते,
खटाखट, खटाखट,
त्यामुळं आम्ही गप्प बसलो ते फारसं जाणवलं नाही.
मग त्यांनी पेन दोन रकाने डावीकडं नेलं.
मागचं वर्ष मात्र तसंच राहिलं.
ते आता उघडत नाही, मी दोनदा पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस.
अंबादास टाकीपाशी उभा,
काचेतल्या प्रमाणपत्राकडं त्यानं पाहिलंही नाही,
त्याच्याखाली रंगानं लिहिलेली ओळ
बोट न लावता वाचत होता.
पिण्याचे. पाणी. जपून. वापरा.
जपून या शब्दाशी थोडा अडला.
मग तोटी फिरवली. पुन्हा फिरवली.
"बाई," म्हणाला,
"लिहिलंय. पण यात नाही."